राष्ट्रसेवा: सक्तीची की स्वखुशीची? (दत्तक गावातल्या अनुभवावरून)

गोदाकाठ
मंडळी, बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय मांडते आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात शिकवते आणि नऊ वर्षांपासून राष्ट्रीय सेवा योजनेची (रासेयो) कार्यक्रम अधिकारी आहे. ज्यांनी रासेयो केलंय त्यांना माहीतच आहे: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. आजवर पोरं आपणहून नाव नोंदवायची. नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि पदवीच्या आराखड्यात समाजसहभागाचे श्रेयांक (क्रेडिट) आले. ते मिळवल्याशिवाय पदवी पुरी होत नाही. त्यामुळे ज्याला यायचंय तो येतो आणि ज्याला नाही यायचं तोही येतो.

इकडे स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अठरा वर्षांच्या प्रत्येक पोराला एक वर्ष सक्तीनं देशसेवेला पाठवा, सुतासारखी सरळ होतील." पूर्वी मीही मान डोलवायचे. आता डोलवत नाही.

हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. १९५९ साली केंद्रानं चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. हेच ते देशमुख, ज्यांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. समितीनं सुचवलं की शालान्त परीक्षेनंतर कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा असावी. पुढे शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या योजनांचा अभ्यास केला आणि सेवा स्वेच्छेचीच ठेवा असा सल्ला दिला. मध्येच चीनचं युद्ध झालं, १९६३ ला एनसीसी कॉलेजात सक्तीची झाली आणि पाच वर्षांत, १९६८ ला, पुन्हा ऐच्छिक करावी लागली. त्यानंतर २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन रासेयो सुरू झाली. म्हणजे सक्ती करून पाहिली, मागे घेतली आणि मग हा मार्ग धरला.

आता माझ्या डोळ्यांसमोरचं सांगते. चार वर्षांपूर्वी, सगळे आपणहून आलेले असताना, आम्ही ओढ्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात वाळू-माती, दाभणानं सुतळी ओवून तोंडं शिवायची आणि विटांसारखे सांधे मोडत थर रचायचे. तिसऱ्या दिवशी पाणी अडलं. त्या रात्री झेडपीच्या शाळेत कुणाला झोप लागली नाही. पोरं बॅटरी घेऊन पाणी किती चढलं ते बघायला जात होती.

गेल्या वर्षीचं शिबिर वेगळं. अकराच्या सुमाराला निम्मी पोरं लिंबाखाली. हजेरी झाली की टिकाव आडवे. एक मुलगा तर पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "मॅडम, सही कधी मिळणार तेवढं सांगा." राग आला, पण त्याला ओरडले नाही. त्याचं अक्षर चांगलं होतं म्हणून वही दिली आणि म्हटलं, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांपैकी कुणाचं निराधारचं अनुदान अडलंय ते घरोघर जाऊन लिहून आण. संध्याकाळी तो एका आजीबद्दल सांगायला लागला. जन्मभर खुरपणी आणि ऊसतोड केल्यामुळे तिच्या बोटांचे ठसेच उठत नव्हते. मशीन दर वेळी नाही म्हणायचं आणि खात्यात जमा झालेले पैसे तिला काढता येत नव्हते. शिबिर संपल्यावर तो तिला मोटारसायकलवर बसवून तालुक्याच्या आधार केंद्रावर घेऊन गेला. एकदा नाही, तीनदा. त्या तीन फेऱ्यांचे कुठलेही श्रेयांक नव्हते.

तेव्हापासून माझा गोंधळ उडालाय. सक्ती नसती तर हा मुलगा त्या वस्तीत कधीच गेला नसता. आणि त्याच सक्तीनं आलेले चाळीस जण लिंबाखाली बसून गेले. तुमचे अनुभव सांगा. मतांपेक्षा अनुभव हवेत.

जुनाजवान
ताई, कळकळीनं लिहिलंत. मी सातारा जिल्ह्यातला, १७ वर्षं पायदळात काढली. आमच्याकडे अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले. आजही तिथं घराघरांत वर्दी आहे. पण यातला एकही जण सक्तीनं भरती झालेला नाही. आपलं सैन्य पहिल्यापासून स्वखुशीचं आहे आणि ते तसंच राहावं असं मी ठामपणे म्हणतो. रात्री पहाऱ्यावर शेजारचा गडी आपल्या मर्जीनं उभा आहे एवढ्या एका भरवशावर माणूस डोळा मिटतो. तो दिवस मोजत उभा असेल, तर मला झोप यायची नाही.

सक्तीच्या लष्करी सेवेनं शिस्त लागते म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं: शिकवणार कोण? रिक्रूटमागे उस्ताद लागतात, बराकी लागतात, रायफली लागतात. दर वर्षी अठराव्या वर्षात येणारी आपली पोरं कोटींच्या हिशेबात आहेत.

अग्निपथ आल्यापासून (जून २०२२) गावाकडचं गणितही बदललंय. चार वर्षांची नोकरी, आणि घेतलेल्या पोरांतली २५ टक्केच पुढे कायम. पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं अजून दिसतात, पण आई-बाप आता विचारतात, "पंचविशीच्या आतच परत आला तर पुढं काय?" स्वखुशीचा माणूस हवा असेल तर त्याच्या पुढच्या आयुष्याची हमीही द्यावी लागते, हे विसरून चालणार नाही.

दुसरंवर्ष
मी एसवायला आहे. रासेयो नाही, पण समाजसहभागाचा पेपर आहे. दुपारी दोनपर्यंत कॉलेज, तीन ते नऊ मोबाईलच्या दुकानात. महिन्याला सात हजार मिळतात, त्यातले चार घरी देतो. सात दिवस शिबिराला गेलो तर मालक सात दिवसांचा पगार कापतो, आणि दुसरा पोरगा मिळाला तर मला कायमचं घरी बसवतो.

सक्ती सगळ्यांना सारखीच असते असं म्हणतात. पण माझ्या बाकावरचा मित्र, ज्याच्या घरचं कृषी केंद्र आहे, त्याला हे सात दिवस म्हणजे सहल. मला ते दीड हजाराला पडतात. मॅडम, लिंबाखाली बसलेल्यांत माझ्यासारखे किती होते, हे तुम्ही विचारलंत का? रात्री नऊपर्यंत उभं राहणारा माणूस सकाळी सहाला टिकाव मारू शकत नाही.

गोदाकाठ
@दुसरंवर्ष, नाही विचारलं. विचारायला हवं होतं. खरंच.

सातपुडा१२
मी डॉक्टर आहे, त्यामुळे माझी सक्ती कायद्याच्या कागदावरची. आमच्या वेळी बंधपत्रच असं होतं: एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवा, नाहीतर दहा लाख भरा. वडील एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे दुसरा पर्याय नव्हता. सातपुड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक झाली.

पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. क्वार्टरला कडी नव्हती. मी येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. आदेशाची प्रत माझ्याच हातानं नेली होती. पहिल्या आठवड्यात रात्री दीडला एक बाई कळा देत आली आणि लाईट गेली. इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी कधीचीच मेलेली. सिस्टरनं मोबाईलचा टॉर्च लावून माझ्यासाठी उजेड धरला आणि मला म्हणाली, "सर, तुम्ही फक्त डोकं सांभाळा, बाकी मी बघते." बाळ रडलं. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो, हात थांबेनात. बाळंतपण मी तिथं त्या सिस्टरकडून शिकलो. कॉलेजात साडेचार वर्षं शिकून आलो होतो.

खरं सांगतो, अकराव्या महिन्यापर्यंत मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज काट मारत होतो. गावाबद्दल राग नव्हता. मला पाठवणाऱ्यांनी तिथं माझ्यासाठी काहीच ठेवलं नव्हतं, याचा राग होता. भाषा येत नव्हती, ती शिकवायला कुणी नव्हतं. चुकलो तर विचारायला कुणी नव्हतं.

माझा एक वर्गमित्र 'निर्माण' या तरुणांसाठीच्या उपक्रमाच्या शिबिरांतून गडचिरोलीला, शोधग्रामला गेला. तो स्वखुशीनं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ पासून तिथं आरोग्याचं काम उभं केलेलं. तोही जंगलातच, पगार माझ्याहून कमी. पण रोज संध्याकाळी त्याच्याशी बोलणारं, आज काय पाहिलंस असं विचारणारं माणूस होतं. तो तीन वर्षं राहिला. मी एक वर्ष संपल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडली.

लोक म्हणतील, त्याची वृत्ती सेवेची, तुझी नाही. मला तसं वाटत नाही. आम्ही एकाच खोलीत राहायचो, दोघंही सारखेच होतो.

@दुसरंवर्ष, तुमचं पटलं. बंधपत्राचंही तेच होतं. ज्याच्या बापाकडे दहा लाख होते त्याला सक्ती लागतच नव्हती.

पाटीपेन्सिल
वकिली करते, म्हणून कायद्याचं थोडं. राज्यघटनेच्या कलम २३ नं वेठबिगारीला मनाई केली आहे. त्याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो की सार्वजनिक कामासाठी राज्य सक्तीची सेवा लादू शकतं, मात्र ती लादताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग यावरून भेदभाव करता येणार नाही. कलम ५१क (घ), जे १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं आलं, ते आवाहन झाल्यावर राष्ट्रसेवा बजावणं हे कर्तव्य मानतं. डॉक्टरांच्या बंधपत्राचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा ऑगस्ट २०१९ मध्ये न्यायालयानं बंधपत्रं वैध ठरवली. ही वेठबिगारी आहे हा मुद्दा मान्य केला नाही. थोडक्यात, सक्ती करता येते.

पण मला त्या 'जात' शब्दाबद्दल बोलायचंय. माझे पणजोबा वतनदार महार होते. वतनदार हा शब्द ऐकायला भारदस्त आहे. प्रत्यक्षात सरकारी सारा डोक्यावर घेऊन तालुक्याला जायचं, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं, पाटलाचा निरोप रात्री-अपरात्री पोचवायचा. बदल्यात बलुतं आणि इनामाचा एक तुकडा. पणजोबा तापानं फणफणले तर आजोबांनी जायचं, आजोबा बाहेर असतील तर घरातल्या बाईनं. चाकरी घराण्यावर होती, माणसावर नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात बदल करणारं विधेयक मांडलं ते याच साठी. ही वतनं कायद्यानं जायला १९५८ उजाडलं.

त्यामुळे 'सक्तीची सेवा' हे शब्द आमच्या घरात हलके ऐकू येत नाहीत. महाराष्ट्रात सक्तीची सार्वजनिक सेवा शतकानुशतकं होती, फक्त ती काहींच्याच वाट्याला होती. म्हणूनच माझ्या मनात दोन गोष्टी एकदम येतात. एक, नको ती सक्ती. आणि दुसरी, जर खरोखर पाटलाच्या पोरानं आणि आमच्या पोरानं एकच घमेलं दोन्ही कड्यांना धरून उचललं, तर ते मला बघायचंय.

ताई, शिबिरात गटार कोण साफ करतं आणि समारोपाला माईक कोण धरतं, हे तुम्ही पाहत असाल. तिथं उत्तर मिळेल.

गोदाकाठ
@पाटीपेन्सिल, पाहते. आणि सुरुवातीची तीन वर्षं मी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं, हे कबूल करते. स्वयंपाकाच्या यादीत सगळ्या मुली, श्रमदानाच्या यादीत सगळी मुलं, सूत्रसंचालन गावातल्या दोन-चार ठरावीक आडनावांकडे. शौचालय सफाईला कोण जायचं ते सांगत नाही, तुम्ही ओळखाल. कुणी यादी लावली नव्हती, आपोआप तसं व्हायचं. चौथ्या वर्षापासून रोज सकाळी चिठ्ठ्या टाकते, स्टीलच्या डब्यात. एका सकाळी भाकरीची चिठ्ठी एका पैलवान मुलाला आली. त्याला थापता येईना, भाकरी तव्यावर जायच्या आधीच तुटायची. दुपारपर्यंत शिकला. त्याच्या वडिलांचा मला फोन आला होता, तो वेगळा विषय.

एक मात्र खरं. सगळे स्वखुशीनं आलेले असतानाच ही यादी आपोआप लागायची. स्वेच्छेत जात-पात गळून पडते असं मी धरून चालले होते. तसं नसतं.

मीच_ती
मी कधी लिहीत नाही, फक्त वाचते. आज राहवलं नाही.

मला टीवायला असताना शिबिराला जायचं होतं. त्याआधी दोन वर्षं घरातून नकार. "पोरीच्या जातीनं सात रात्री बाहेर?" एवढंच उत्तर. तिसऱ्या वर्षी मी घरी सांगितलं की हे सक्तीचं आहे, नाही गेले तर गुण जातील, निकाल अडकेल. ते पूर्ण खरं नव्हतं. वडील गप्प बसले आणि स्वतः एसटी स्टँडवर सोडायला आले.

त्या सात दिवसांत मी पहिल्यांदा माणसांसमोर उभं राहून बोलले. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, हिमोग्लोबिनवर. पाय लटपटत होते. आज मी आशा कार्यकर्तींची गटप्रवर्तक आहे आणि दर महिन्याला वीस-पंचवीस बायकांच्या बैठका घेते.

स्वेच्छा, स्वेच्छा म्हणताना ती कुणाची इच्छा असते हेही बघा. माझी इच्छा होती, पण विचारणार होते ते माझ्या वडिलांना. सक्ती या शब्दानं मला घराबाहेर काढलं.

गोदाकाठ
मीच_ती, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. दोन-तीन मुलींचे चेहरे समोर आले, ज्यांनी नाव नोंदवून नंतर मागे घेतलं होतं.

शेवंती
सिंगापूरहून लिहिते. आम्ही इथे कायम रहिवासी आहोत, त्यामुळे नियमाप्रमाणे आम्हा आई-बापांना नाही, पण मुलाला नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची राष्ट्रसेवा, लागू. १९६७ पासूनचा कायदा. दोन वर्षं पूर्ण वेळ, आणि नंतरही कित्येक वर्षं दर वर्षी बोलावणं. न करता रहिवास सोडला तर पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला परत येणं अवघड.

मुलगा रुजू झाला त्या दिवशी आई-वडिलांनाही बोटीनं तेकाँग या प्रशिक्षणाच्या बेटावर नेतात. झोपायच्या खोल्या दाखवतात, पोरं शपथ घेतात, मग त्यांच्याच भोजनगृहात सगळे एकत्र जेवतात. मी ताटातला भात चिवडत बसले होते. मुलगा म्हणाला, "आई, तू जेव ना, लोक बघतायत." त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाचे वडील टॅक्सी चालवणारे, समोरच्याचे एका मोठ्या बँकेत. तिघांचे केस दुसऱ्या दिवशी सारखेच भादरलेले.

इथल्या सक्तीला लोक मानतात, कारण त्यातून कुणी सुटत नाही असा विश्वास आहे, आणि बोलावलेल्या प्रत्येकासाठी पलंग, बूट, उस्ताद, डॉक्टर आधी तयार असतात. माझा मुलगा प्रशिक्षणाच्या शेवटी २४ किलोमीटर चालला तेव्हा त्याच्या पायाचे फोड बघायला माणूस होतं. सातपुडा१२, तुमचं क्वार्टर आणि कडी वाचून म्हणूनच फार वाईट वाटलं.

पण सगळं गोड नाही. त्याची दोन वर्षं गेली, बरोबरच्या मुली कॉलेजात पुढे गेल्या. माझी धाकटी लेक विचारते, "मला का नाही बोलावत?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि हे बेटाएवढं राष्ट्र आहे, त्यांना दुसरा इलाज नव्हता. तिथला नियम उचलून आपल्या गावात आणून ठेवता येणार नाही.

वाळूतलापाय
जर्मनीतून छोटीशी भर. इथे सैन्यात जायचं नसेल तर वृद्धाश्रमात, रुग्णालयात काम करायचा पर्याय होता. १ जुलै २०११ ला सक्तीची भरती स्थगित झाली आणि तो पर्यायही गेला. त्याच्या जागी ऐच्छिक सेवा आली, जी कोणत्याही वयात करता येते. आमच्या इमारतीतल्या साठीच्या बाई निवृत्तीनंतर ती करतात, आठवड्याचे तीन दिवस, अंध मुलांच्या शाळेत. राष्ट्रसेवा म्हटलं की आपण फक्त अठरा-वीसच्या पोरांकडे का बघतो, हा प्रश्न मला त्यांना बघून पडला.

जुनाजवान
वाळूतलापाय, +१. गावात निवृत्त फौजी, मास्तर, तलाठी पारावर बसून असतात. त्यांना कुणी बोलावत नाही.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस हा धागा डोक्यात आहे. मी कुठे पोचले ते लिहिते, पटेलच असं नाही.

मी विचार करत होते की सक्ती पोरांवर करावी की नाही. आता वाटतं, सक्ती करायचीच तर आधी बोलावणाऱ्यावर करा. माझ्यावर करा, माझ्या कॉलेजवर करा, आरोग्य केंद्र चालवणाऱ्या खात्यावर करा. तुम्ही एक माणूस मागितलात, तर त्याच्यासाठी काय काम ठेवलंय, अवजारं किती, शिकवणार कोण, त्याचा बुडालेला रोज कोण भरणार, हे लेखी द्या. हे नसेल तर स्वखुशीनं आलेलाही दुसऱ्या दिवशी लिंबाखाली बसतो. गेल्या वर्षी माझ्या शिबिरात शंभर मुलांमागे १८ टिकाव होते. हा आकडा मला माहीत होता आणि तरी मी पोरांना आळशी समजत होते.

या वर्षासाठी तीन गोष्टी केल्यात. ग्रामसभेत जाऊन कामं विचारली. वाटलं होतं रस्ता, गटार म्हणतील. पण बायकांनी सांगितलं, अनुदान आणि रेशनचे अडकलेले कागद, आणि विहिरीचा कठडा. दुसरं, काम करणाऱ्या मुलांसाठी सात दिवसांऐवजी रविवार मोजायची परवानगी प्राचार्यांकडून घेतली. @दुसरंवर्ष, तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला. आणि मुलींच्या घरी मी स्वतः जाते आहे. आतापर्यंत अकरा घरं झाली, आठ ठिकाणी हो आलं.

गेल्या वर्षीचा तो सही मागणारा मुलगा आता शेवटच्या वर्षाला आहे, त्याचे श्रेयांक कधीच पूर्ण झालेत. परवा येऊन विचारून गेला, "कागदांचं टेबल मी लावू का?"

सातपुडा१२
ताई, शिबिर कधी आहे? वस्तीत बीपी-शुगर तपासणारं कुणी आहे का?

गोदाकाठ
जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. नाही, कुणी नाही. उपकेंद्र सात किलोमीटरवर आहे.

सातपुडा१२
शनिवार-रविवार जोडून दोन दिवसांची रजा टाकतो. मशीन आणि पट्ट्या माझ्याकडच्या आणतो. एक टेबल, सावली आणि नावं लिहून घेणारं एक माणूस, एवढं तयार ठेवा.

गोदाकाठ
ठेवते. झोपायची सोय शाळेतल्या खोलीत आहे, दाराला कडी आहे.